ठाण्यातलं जुनं ठाणं: अर्ध्या दिवसात भाचीला काय दाखवू?

घंटाळीची मावशी (धागाकर्ती)

माझी भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापूरला शिकते. पुढच्या रविवारी येतेय. कॉलेजने काम दिलंय: एखादी जुनी, राहती वस्ती पायी हिंडून बघायची आणि तिथल्या एका घराबद्दल लिहायचं. तिने फोनवर विचारलं, "मावशी, ठाण्यात असं काय आहे गं?" आणि मी गप्प.

लग्न होऊन नौपाड्यात आले त्याला २३ वर्षं झाली. पाहुणे आले की तलावपाळी, कोपिनेश्वर, आणि मुक्काम लांबला तर येऊर. माझी यादी इथेच संपते. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "ठाण्यात जुनं आता मीच."

तिच्याकडे सकाळी ७ ते दुपारी १ एवढा वेळ आहे. चालायची तयारी आहे. देवळं-पुतळे नकोत, घरं हवीत. कुठून सुरू करू? "वाडे सगळे पडले" एवढंच सांगणार असाल तरी चालेल, पण कुठे होते तेही सांगा.

पारसिकचा बोगदा

मिसळीपासून सुरू करा. बाकीचं आपोआप सापडतं.

कौलारू

अर्धा दिवस पुरतो, पण उलटे चाला. सगळे तलावपाळीपासून सुरू करतात आणि जांभळी नाक्याच्या गर्दीतच दमतात.

स्टेशनातून बाहेर पडलात की आधी चेंदणीत शिरा. खाडी, बंदर, कोळीवाडा हे आधीचं, शहर मागाहून आलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून इथे थांबली. दुसऱ्या वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले. त्या रुळांमुळे चेंदणी कोळीवाडा आज पूर्वेलाही आहे आणि पश्चिमेलाही. एकाच गावची माणसं, मधे लोकल.

तिथून महागिरीच्या कडेने खारकर आळी, तुरुंगाची भिंत, टेंभी नाका, जांभळी नाका, तलावाला वळसा घालून चरई, आणि शेवटी तुमचा नौपाडा. असं चाललं की वाटेवरच्या घरांचं वय उतरत जातं. कोळ्यांची ओट्यांची घरं, मग आळीतली बैठी कौलारू, मग चाळी, मग ब्लॉक. मधेच टॉवर उगवतात, ते डोळ्याआड करायचे.

आणि हो, वर बघत चाला. तळमजला सगळा दुकानांच्या पाट्यांनी गिळलाय. जुनं जे काही उरलंय ते पहिल्या मजल्यावर आहे. लाकडी कठडा, झडपांच्या खिडक्या, पागोळीखालची नक्षीची फळी, सगळं पाटीच्या वर.

सुतारपक्षी

वर बघत चालायला ठाण्याचे फुटपाथ परवानगी देत नाहीत. मी जांभळी नाक्यावर वर बघत होतो तेव्हा खाली मिरच्यांची पाटी होती.

बुरुज

कौलारूंनी तुरुंगाची नुसती भिंत म्हणून सोडून दिली, म्हणून लिहितो. तो ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि पुरता व्हायच्या आत, १७३७ मध्ये, मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. मग तुरुंग झाला तो आजतागायत. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होता आणि सप्टेंबर १८१६ मध्ये निसटला. बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठी गाणी म्हणायचा आणि गाण्यातून बेत कळवायचा. पहारेकरी गोरे, त्यांना काय कळणार! नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला फाशी दिली तीही इथेच.

अजून मागे जायचं तर शिलाहार राजांचं श्रीस्थानक, म्हणजे ठाण्याचं तेव्हाचं नाव. १७८७ मध्ये किल्ल्यात पाया खणताना शिलाहार अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट सापडला होता. म्हणजे...

सुतारपक्षी

बुरुजराव, मुलीला घर बघायचंय. तुरुंगात तिला कोण घेणार आणि घेतली तर बाहेर कोण काढणार?

बुरुज

तुरुंगातही माणसं राहतात. निवासी वस्तीच ती.

पारसिकचा बोगदा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

शनवारची सुट्टी

टेंभी नाक्याला सिव्हिल हॉस्पिटलच्या समोर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, शाअर हाशामायीम, १८७९ चं. देवळं नकोत म्हणालात म्हणून आत जा असं म्हणत नाही, पण त्याच्या आसपासच्या जुन्या इमारतींच्या दारांकडे बघा. माझं बालपण तिथल्या एका चाळीत गेलं. शेजारी बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचं मराठी ज्यू कुटुंब. घरात बोलणं आपल्यासारखंच मराठी, आजी नऊवारी नेसायच्या, पण दाराच्या उजव्या चौकटीवर बोटाएवढी तिरकी नळी ठोकलेली. मेझुझा. आत चर्मपत्रावर लिहिलेली प्रार्थना असते. आत शिरताना आजी नळीला बोट लावून बोटाचा मुका घ्यायच्या. आम्ही पोरंही त्यांच्या घरात जाताना तसंच करायचो, कोणी कधी अडवलं नाही. ते इस्रायलला गेले तेव्हा नळी काढून नेली. चौकटीवर दोन खिळ्यांची भोकं राहिली आणि मधली लाकडाची पट्टी बाकीच्यापेक्षा उजळ. नंतर आलेल्या भाडेकरूंनी तीन वेळा रंग दिला तरी ती खूण दिसायची.

चाळ आता नाही. पण अशा भोकांची दारं अजून एक-दोन तरी असतील.

कौलारू

हे मलाही माहीत नव्हतं. धन्यवाद.

चरईची चिमणी

धागा पहिल्यापासून वाचते आहे. राहवत नाही म्हणून लिहिते, राग मानू नका.

मी चरईत अशाच एका "बघण्यासारख्या" घरात राहते. सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचं भाडं, पागडीची जागा. मूळ एकच घर होतं, मालकाने पार्टिशनं घालून सहा बिऱ्हाडं केली. आम्ही तळमजल्याला मागच्या बाजूला. गेल्या दोन वर्षांत गळ्यात कॅमेरा अडकवलेले चार गट येऊन गेले. एकाने माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांसकट फोटो काढला आणि खाली काय लिहिलं म्हणे? "काळाच्या कुशीत." काळाच्या कुशीत पावसाळ्यात सात भांडी ठेवावी लागतात, ते नाही लिहिलं.

वरच्या कडीपाटाला वाळवी आहे. संडास परसात, रात्री सासूबाईंना हाताला धरून न्यावं लागतं. दर मे महिन्यात धोकादायक इमारतींची यादी लागली की छातीत धडधड, आपलं नाव सी-१ मध्ये, म्हणजे अतिधोकादायक, रिकाम्या करून पाडायच्या इमारतींत तर नाही ना. तुम्ही वारसा म्हणता, आम्ही "बिल्डर कधी येतोय" म्हणतो. भाचीला जरूर आणा, पण आमचं घर म्हणजे राणीची बाग नव्हे.

घंटाळीची मावशी

चिमणीताई, राग कशाला? बरं झालं लिहिलंत. मी खरंच या बाजूने विचार केला नव्हता.

उंटावरून

चिमणीताईंशी सहमत. गरिबीचं पर्यटन आहे हे सगळं. पाडा आणि बांधा. दक्षिण मुंबईतल्या चाळींवर लेख लिहिणारे स्वतः कुठे राहतात ते एकदा विचारा.

चरईची चिमणी

उंटावरून, "गरीब" तुम्हाला कोण म्हणालं? आमच्याकडे गळणारं कौल आहे, अक्कल गळत नाही. मी फोटोवर बोलले, पाडण्यावर नाही.

उंटावरून

माफी. उंटावरून उतरलो.

निवृत्त ओव्हरसियर

चिमणीताई, एक विचारतो. भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय का? बहुतेक केलेला असणार. या घरांच्या भिंती विटा-चुन्याच्या, काही ठिकाणी मातीच्या जोडाईच्या. चुन्याच्या गिलाव्यातून ओल जशी शिरते तशी बाहेरही पडते. वरून सिमेंट थापलं की आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं. मग ते जोत्यातून वर चढतं, लाकडाच्या टोकाशी जमतं, आणि तुळई नेमकी भिंतीत शिरते त्या जागी कुजते. बाहेरून घर गुळगुळीत आणि आतून पोकळ. वाळवीला आमंत्रण हेच. चाळीस वर्षांच्या नोकरीत पडलेली जुनी घरं पाहिली, त्यातली बरीच म्हातारपणाने नाही, दुरुस्तीने पडली.

भाचीसाठी: तळखडे बघायला सांगा. लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडाच्या तळखड्यावर उभा असतो, म्हणून बुडाशी ओल लागत नाही. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हस्त, म्हणजे पुढे आलेले लाकडी आधार, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. हे एकमेकांत खाचा पाडून बसवलेलं असतं. भिंत गेली तरी सांगाडा उभा राहतो. ओसरीत बसून पंधरा मिनिटं हे नुसतं बघितलं तरी पुस्तकातलं प्रकरण संपलं.

दुसरी गोष्ट, कौल. एखादं फुटकं कौल उचलून उलटं करा. खालच्या बाजूला कारखान्याचा छाप असतो. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढला, तिथली कौलं गलबतांतून कोकणकिनाऱ्याने वर यायची. म्हणून आपण अजून मंगलोरी कौल म्हणतो. त्याआधी नळीची कौलं असायची, ती माकडं आणि पोरं दोघेही फोडायची.

कौलारू

माझ्याकडे एक आहे, घर पाडताना मलब्यातून उचललेलं. बायकोने त्यावर कोरफड लावलीय.

चरईची चिमणी

हो, सिमेंटच आहे. ९८ साली केलं. तेव्हा सगळ्यांनी वर्गणी काढली होती आणि पेढे वाटले होते.

बेलापूरची सून

जरा अवांतर. खाडी ओलांडून आमच्याकडे का नाही येत? सीबीडी बेलापूरला सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट्स व्हिलेज आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली वस्ती, १९८३ ते ८६ मध्ये झाली. जगभरचे आर्किटेक्ट बघायला येतात आणि आमच्या ठाण्याच्या नातेवाइकांना पत्ताच नसतो.

सात घरांमधे एक अंगण, साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन घोळके मिळून मोठं अंगण. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे कमाई कमी असो की जास्त, प्लॉटमध्ये फार फरक नाही. आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही. ज्याला हवं त्याने हवं तेव्हा वाढवावं, शेजाऱ्याच्या भिंतीला हात न लावता. मुंबईच्या पलीकडे खाडीपार नवं शहर उभारावं ही कल्पना कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडली, त्यानंतर १९७० मध्ये ते वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं. ही वस्ती त्याच विचारातली.

माझं सासर तिथलंच. सासऱ्यांनी घेतलं तेव्हा उतरत्या छपराचं लहानसं घर होतं. आता वर मजला, पुढे ग्रिल, बाजूला स्कूटरची शेड. विद्यार्थी येतात आणि हळहळतात, "मूळ घरं फारशी उरली नाहीत." सासरे म्हणतात, "अहो, वाढवा म्हणूनच दिली होती, वाढवली."

बुरुज

१९८३ चं म्हणजे ऐतिहासिक? माझा मोठा मुलगा त्याहून जुना आहे.

बेलापूरची सून

त्यालाही बघायला या म्हणावं.

मोझॅकलादी

बुरुज, इथेच घोटाळा आहे. आपल्याला जुनं म्हणजे निदान पेशवाई लागते. मग नौपाडा कोणी बघत नाही आणि त्याच्यावर पहिला हातोडा पडतो. मी राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत जन्मलो, तळमजला अधिक दोन अशा इमारतीत. ५० आणि ६० च्या दशकांत दादर-गिरगावातून लोक इथे आले ते "ब्लॉक" मिळतो म्हणून. ब्लॉक म्हणजे काय, तर संडास घराच्या आत. आज हसू येईल, पण आमच्या आजीने घर बघताना म्हणे सगळ्यात आधी ते दार उघडून पाहिलं, आणि मग सोवळ्यात कसं चालेल म्हणून आठ दिवस रुसून बसली.

त्या इमारती बघा. कोपऱ्यावरच्या गॅलरीला गोलाई. खिडकीवर सलग धावणारा छज्जा. जिन्याच्या भिंतीला सिमेंटची जाळी, त्यातून चार वाजता उन्हाचे चौकोन पायऱ्यांवर पडायचे. गॅलरीच्या ग्रिलमध्ये उगवता सूर्य, नाहीतर नुसत्या लाटा. जमिनीला मोझॅक, त्यात संगमरवराच्या चिपा, पन्नास वर्षं पुसून पुसून आरसा झालेला. आणि नावं! प्रवेशाच्या कमानीवर सिमेंटमध्येच उठवलेली: श्रमसाफल्य, मातृछाया, कृतार्थ. निवृत्तीची पुंजी घालून बांधलेलं घर, दुसरं नाव काय देणार. आता त्याच जागी अमुक हाइट्स आणि तमुक रेसिडेन्सी.

जाता जाता. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या आसपास गोठवली. मालकाला चाळ बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात रस उरला नाही. म्हणून पुढे लोक मालकीच्या ब्लॉककडे वळले, सोसायट्या निघाल्या. चरईतलं गळणारं कौल आणि नौपाड्यातली गोल गॅलरी, दोन्हींच्या मुळाशी तो कायदा बराचसा आहे.

चरईची चिमणी

आमचं भाडं ४२ रुपये आहे. मालक म्हणतो एवढ्यात कौलं बदलायला येणाऱ्याचा चहा होत नाही. खोटं नाही म्हणत तो.

सुतारपक्षी

४२ रुपये! तेवढ्यात मिसळही नाही.

पारसिकचा बोगदा

आला का विषय शेवटी मिसळीवर. मामलेदार कचेरीजवळ. पाव जास्तीचे मागून ठेवा, आणि रस्सा मध्यम म्हणाल तरी तिखटच येतो.

कांदापोहे

तिखट म्हणजे चव नव्हे. डोंबिवलीला या.

(इथून पुढचे ३१ प्रतिसाद मिसळीवर झाल्याने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. संपादक.)

चेंदणीचा

कौलारूंनी चेंदणीपासून सुरू करा म्हटलंय म्हणून सांगतो. सात वाजता आलात तर बायका बाजाराच्या घाईत असतात, कोणी बोलणार नाही. नऊला या. कोळीवाड्यात घर बघायचं तर ओटा बघा. ओटा म्हणजे पायरी नव्हे. जाळं विणायचं तिथे, मासळी निवडायची तिथे, भांडायचं तिथे, लग्न ठरवायचं तिथे. आता दुमजली पक्की घरं झाली, टाइल लागल्या, पण ओटा कोणी सोडला नाही. गल्ली अरुंद, कारण दोन्ही बाजूंचे ओटे मिळून एकच बैठक.

आणि विचारल्याशिवाय फोटो नाही. विचारलंत तर चहापण मिळेल.

निवृत्त ओव्हरसियर

चिमणीताईंच्या मुद्द्यावर परत येतो. घंटाळीची मावशी, भाचीला कॅमेरा घरीच ठेवायला सांगा. टेप न्या, पंधरा मीटरचा, आणि आलेखाची वही. फोटो काढणारा दोन मिनिटांत जातो. माप घेणाऱ्याला टेपचं दुसरं टोक धरायला घरातलंच माणूस लागतं. मग बोलणं आपोआप होतं.

चरईची चिमणी

... ठीक आहे. टेप घेऊन येणार असेल तर आमच्याकडे या. मावशी, तुम्हाला व्यक्तिगत निरोप करते. अकरानंतर या, नळाचं पाणी जाऊ दे. सासूबाईंना माणसं आवडतात. कपड्यांचा फोटो काढायचा नाही.

घंटाळीची मावशी

हो हो, नक्की! कपडे मी स्वतः बाजूला करते.

घंटाळीची मावशी (नऊ दिवसांनी)

वृत्तांत उशिरा देते आहे, भाची काल गेली.

आठला निघायचं ते पावणेनऊला निघालो. चेंदणीत ओट्यावर बसलेल्या एका आजींनी हटकलं, "कोनाचे घरा जायाचं हाय गो?" भाची म्हणाली, "कुणाच्याच नाही, घरं बघायला आलोय." आजींना ते पटेना. बघायचं काय, घरच हाय. शेवटी त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवून चहा पाजला आणि भाचीचं लग्न कुठे जमतंय का याची चौकशी केली. चेंदणीचा, तुमच्या आजी नव्हेत ना? पाऊण तास तिथेच गेला. भाचीने ओट्याची उंची मोजली, १ फूट ५ इंच. म्हणाली, "मावशी, खुर्ची पण एवढीच असते."

खारकर आळीत दोन घरं सापडली, एकाला कुलूप होतं. झडपांची खिडकी मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितली. फळ्या एका दांड्याने एकदम तिरक्या होतात, ऊन येत नाही, वारा येतो, आणि आतल्याला बाहेरचं दिसतं पण बाहेरच्याला आतलं नाही. भाची म्हणाली, त्या काळातला पडदा आणि पंखा एकत्र. टेंभी नाक्याला शनवारची सुट्टी यांची भोकं शोधायला एक जिना चढलो, एका काकांनी "कोण पाहिजे?" म्हणून परत उतरवलं. किल्ल्याच्या भिंतीपाशी मी त्रिंबकजीची गोष्ट सांगितली. बुरुज, तुमच्यामुळे भाव खाल्ला.

जांभळी नाक्याला वर बघत चालले आणि एका हातगाडीवर आपटले. सुतारपक्षी, हसू नका.

आणि चरई. चिमणीताईंकडे अकराला गेलो ते साडेतीनला बाहेर पडलो. नौपाडा राहिलाच. म्हणजे मी राहते तीच वस्ती बघायची राहिली.

सासूबाईंनी टेपचं टोक धरलं आणि मग कोणाला देईनात. माजघर, स्वयंपाकघर, मधलं पार्टिशन, कोनाडे, सगळं मोजलं. माजघराच्या पार्टिशनमधून मूळ घराचा एक खांब अर्धा इकडे, अर्धा शेजारच्या बिऱ्हाडात गेलाय. भाचीने शेजारी जाऊन त्याची दुसरी बाजू मोजली. खांबाचा तळखडा आपल्याकडे, त्यावरचा नक्षीचा हस्त शेजाऱ्यांकडे! सासूबाई म्हणाल्या, साठ वर्षं त्या खांबाला टेकून बसले, तो कोरलेला आहे हे आज कळलं. मग त्याही शेजारी जाऊन बघून आल्या.

नकाशा भाचीने घरी जाऊन स्वच्छ काढलाय. चिमणीताई, तुम्हाला पाठवू का?

चरईची चिमणी

पाठवाच, आणि लवकर. गंमत नाही, कामासाठी हवाय.

परवा मालकाने सगळ्या भाडेकरूंना बोलावलं होतं. एक विकासक आलाय. त्याच्या माणसाने प्रत्येकाची जागा किती याचा तक्ता वाटला. आमच्या नावापुढे ३१० चौरस फूट. कसं मोजलं विचारलं तर म्हणे जुन्या कागदावरून. कोणत्या कागदावरून ते दाखवेना. इमारतीचा मंजूर नकाशा कोणाकडेच नाही, मालकाकडेही नाही. सहा बिऱ्हाडांत आजवर कोणी टेप लावलाच नव्हता, तुमच्या भाचीने लावला तो पहिला.

घंटाळीची मावशी

थांबा, भाचीला विचारते.

ती म्हणतेय पडवी धरून ३६९ येतात. पडवी ७ फूट ४ इंच बाय ८ फूट, म्हणजे ५९ च्या जवळपास. त्यांनी पडवी मोजलेलीच नाही.

निवृत्त ओव्हरसियर

शक्य आहे. मागची पडवी मूळची की नंतर बंद केलेली?

चरईची चिमणी

छप्पर मूळचं. भिंत सासऱ्यांनी घातली, नणंदेच्या जन्माच्या वेळी. म्हणजे ७४ किंवा ७५.

निवृत्त ओव्हरसियर

मग ते "नंतरचं वाढीव बांधकाम" म्हणून काढून टाकणार. नुसता नकाशा पुरणार नाही, जुना पुरावा लागेल. भाडेपावतीवर जागेचं वर्णन असतं का बघा. घरपट्टीच्या बिलाची प्रत मिळाली तर उत्तम. महापालिका १९८२ ची, त्याआधी नगरपालिका होती, तेव्हाचा कागद असेल तर सोन्याहून पिवळं. विजेचं जुनं बिलही जोडा, पडवीत दिवा कधी आला ते कळतं. आणि नकाशावर तारीख, मोजणाऱ्याचं नाव आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. विद्यार्थिनीच्या नकाशाला कायद्याने वजन नाही, पण तक्त्यावर सही करायच्या आधी समोर ठेवायला एक आकडा तर हाती येईल. नंतर परवानाधारक वास्तुविशारदाकडून मोजून घ्या, सहाही बिऱ्हाडांनी मिळून. खर्च वाटला जाईल.

मोझॅकलादी

आणि सगळ्यांची मापं एकत्र झाल्याशिवाय एकट्याने कुठेही सही नको. आमच्या इमारतीत तिघांनी आधी केली, बाकीचे दोन वर्षं भांडत बसले.

कौलारू

चिमणीताई, ठरलंच पाडायचं तर तो खांब आणि हस्त मलब्यात जाऊ देऊ नका. मला कळवा, टेम्पो घेऊन येतो.

चरईची चिमणी

खांब सासूबाई देणार नाहीत. नव्या घरात उभा करायचा म्हणतात. छत साडेनऊ फुटांचं असणार, खांब दहाचा, ते त्यांना कोण सांगणार.

कागदांची पत्र्याची पेटी माळ्यावरून काढली आहे. सासऱ्यांनी वर्षावार गठ्ठे बांधून ठेवलेत, नवीन वर, जुनं तळाशी. आत्ता १९९१ पर्यंत पोचले.